कस्टर्स रिव्हेंज (अटारी २६००, १९८२) : शेवटी स्वतः खेळलो, त्याचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण दरवेळी लिहायला बसलो की डोकं तापायचं आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकायचो. जुन्या गेम्सचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे आणि या नादात असलेल्या कुणालाही हे नाव माहीत असतंच. "जगातले सगळ्यात वाईट गेम" असली कुठलीही यादी उघडा, त्यात ई.टी. असतो आणि त्याच्या आसपास कस्टर्स रिव्हेंज असतो. आणि त्याच्याबद्दल लिहिलेलं काय असतं, तर ग्राफिक्स किती भिकार, माणूस कसा ठोकळ्यासारखा दिसतो, बघून हसून हसून पोट दुखलं वगैरे. मला हे हसणं कधीच पटलं नाही. पण न खेळता बोलणंही बरोबर नाही ना, म्हणून गप्प होतो.

गेल्या महिन्यात कामानिमित्त न्यू जर्सीला गेलो तेव्हा चान्स मिळाला. कॉलेजचा मित्र एडिसनला राहतो, त्याच्या बेसमेंटमध्ये जुन्या कन्सोल्सची अख्खी भिंत आहे, अगदी सहा स्विचवाला, पुढे लाकडी पट्टी असलेला अटारी आणि त्याला जोडलेला जुना डबा टीव्ही, चॅनल ३ लावायचा, आधी मुंग्या दिसतात मग चित्र येतं. त्याच्याकडे मिस्टीक कंपनीची तिन्ही कार्ट्रिजं आहेत, कस्टर्स रिव्हेंज, बीट एम अँड ईट एम आणि बॅचलर पार्टी, शिवाय प्लेअराउंडचं एक (मिस्टीकच्या गेम्सचे हक्क नंतर घेणारी कंपनी). रिव्ह्यू मुख्यतः पहिल्याचा आहे, बाकीच्यांबद्दल थोडंच लिहितो.

आधी मशीनबद्दल, कारण ते कळल्याशिवाय "ग्राफिक्स भिकार" हे वाक्य किती फालतू आहे ते कळणार नाही. अटारीचा हा कन्सोल सप्टेंबर १९७७ चा. रॅम १२८ बाईट. केबी एमबी सोडा, बाईट! म्हणजे मी वर लिहिलेलं एखादं लांब वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. चित्र साठवून ठेवायला जागाच नाही, त्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक रेघ ओढत खाली येत असतो तेव्हा प्रोग्रॅमने त्याच्या बरोबरीने धावत त्या त्या रेघेवर काय दिसायचं ते ऐनवेळी सांगायचं, एका रेघेला प्रोसेसरचे ७६ ठोके मिळतात, त्यात काम उरकलं तर उरकलं. आणि हार्डवेअर मुळात दोन खेळाडूंसाठी बनवलेलं, दोन हलती पात्रं, प्रत्येकी आठ ठिपके रुंद, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागची भिंत. बस. एवढ्या सामानात लोकांनी काय काय करून दाखवलंय! त्याच १९८२ सालचा पिटफॉल घ्या, डेव्हिड क्रेनचा, ४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये २५५ वेगवेगळे सीन बसवलेत, कारण जंगल साठवलेलंच नाहीये, एका छोट्या गणिती युक्तीने ते दरवेळी तयार होतं. आजही मी तो कोड समजून घेताना हात जोडतो.

आता कस्टर्स रिव्हेंज. डावीकडे एक माणूस, अंगावर टोपी, गळ्यात रुमाल, पायात बूट आणि बाकी काही नाही. हा जनरल कस्टर. उजवीकडे खांबाला बांधलेली एक नेटिव्ह अमेरिकन बाई, तिच्याही अंगावर कपडे नाहीत. वरून बाण पडत असतात, ते चुकवत पडदा ओलांडायचा आणि तिच्यापर्यंत पोचायचं. पोचल्यावर बटण दाबत राहायचं आणि पॉइंट मिळवायचे. बटण दाबल्यावर काय होतं ते मी लिहिणार नाही, तुम्हाला कळलंच असेल.

एवढाच गेम आहे. लेव्हल नाही, जागा बदलत नाही. बाणांचा अंदाज यायला मला चार-पाच डाव लागले, नंतर थांबायचं कधी पळायचं कधी ते हाताला कळतं, आणि खरं सांगायचं तर बाण चुकवायचा भाग तेवढा पुरता वाईट नाहीये. हे मला मुद्दाम सांगायचंय. कंट्रोल नीट चालतात. माणूस जॉयस्टिक हलवली की हलतो. ज्यांनी लिहिलंय की हा गेम फसलेला आहे, चालत नाही, त्यांनी बहुतेक दोन मिनिटांच्या वर खेळलेला नाही. हा गेम चालतो, जे करायला बनवलाय ते बरोबर करतो, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

ती बाई बघा. मी पाऊण तास खेळलो आणि त्यातला निम्मा वेळ कस्टरला एका जागी उभा ठेवून फक्त तिच्याकडे बघत होतो. गेममध्ये तिच्या हातात काहीच नाही. तिला सुटता येत नाही, तिला तोंड फिरवता येत नाही. वरून पडणारे बाण तिच्या बाजूने असतील म्हणावं तर त्याही गोष्टीला काही अर्थ नाही, कारण बाण चुकवले की तुम्ही जिंकलात. दोन माणसांनी खेळायचं म्हणून बनवलेलं मशीन, दुसऱ्या माणसाच्या जागी तिला उभी केली आणि तिचा डावच ठेवला नाही. ठोकळे मोठे असोत की बारीक, त्याने काय फरक पडतो? आज हाच गेम फोटोसारख्या ग्राफिक्समध्ये काढला तर कुणी हसेल का? मग ठोकळ्यांमध्ये असला म्हणून हसण्यासारखा कसा झाला?

मी खेळत असतानाच वहिनी चहा घेऊन खाली आल्या. जिन्यावर पावलं वाजली आणि मित्राचा हात आपोआप टीव्हीच्या बटणावर गेला, बंद केला त्याने. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. चाळीस वर्षांहून जुना गेम, भिंतीवर मानाने मांडलेला, आणि बायको खाली येताना दिसली तर टीव्ही बंद. चहा घेऊन त्या वर गेल्यावर त्याने परत चालू केला नाही आणि मीही सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी खेळलो उरलेलं.

नावाबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण बहुतेक रिव्ह्यूंमध्ये यावर एक ओळसुद्धा नसते. कस्टर हा खरा माणूस, अमेरिकन सैन्याच्या सातव्या कॅव्हलरीचा, म्हणजे घोडदळाचा. २५ जून १८७६ ला आजच्या मोंटानात लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा, शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांनी त्याला हरवलं, तो आणि त्याच्या थेट हाताखालची तुकडी तिथेच संपली. गेमच्या नावातला सूड तो हाच, म्हणजे हरलेला कस्टर सूड घेतोय आणि घेतोय कुणावर, तर बांधून ठेवलेल्या बाईवर. बनवणाऱ्यांना हे विनोदी वाटलं.

पण याच्या आठ वर्षं आधीचं बघा. २७ नोव्हेंबर १८६८, आजच्या ओक्लाहोमात वॉशिटा नदीकाठी ब्लॅक केटल या शायेन प्रमुखाची वस्ती होती. कडाक्याची थंडी, पहाटेची वेळ, कस्टरच्या सैन्याने हल्ला केला. ब्लॅक केटल आणि त्याची बायको दोघं मारले गेले आणि ५३ बायका-मुलांना कैद करून नेलं. त्या कैद्यांमध्ये मोनाहसीटा नावाची एक तरुण मुलगी होती आणि कस्टरने तिच्याशी काय केलं ते शायेन घरांमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. म्हणजे गेममध्ये जे दाखवलंय ती कुणाची कल्पना नाहीये हो. कैदेत असलेली मूळनिवासी बाई आणि कस्टर, हे त्या लोकांच्या घरातलं दुःख आहे, जसंच्या तसं उचलून त्याला पॉइंट लावले. मला हे वाचून कळलं तेव्हा मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो बराच वेळ.

आणि अजून एक गोष्ट, ती मला सगळ्यात जास्त लागली. लिटल बिगहॉर्नच्या आठ दिवस आधी, १७ जून १८७६ ला रोझबडची लढाई झाली. त्यात एका शायेन योद्ध्याचा घोडा पडला, तो एकटा सापडला, तेव्हा त्याची बहीण गोळीबारात घोडा घालून गेली आणि भावाला मागे बसवून घेऊन आली. तिचं नाव बफेलो काफ रोड वुमन. शायेन लोक ती लढाई आजही "बहिणीने भावाला वाचवलं ती लढाई" अशाच नावाने ओळखतात. हीच बाई पुढे लिटल बिगहॉर्नलाही लढली, आणि कस्टरला घोड्यावरून खाली पाडलं ते हिनेच असं नॉर्दर्न शायेन लोकांनी २००५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. आता सांगा, डावीकडून घोडा पळवत यायचं, गोळ्या चुकवायच्या, पडलेल्या भावाला उचलायचं आणि परत फिरायचं. ४ केबीत आरामात बसणारा गेम आहे हा! तीच दोन पात्रं, तेच चुकवणं, तेच पडदा ओलांडणं. विषय समोर होता, त्याच महिन्यातला, त्याच लोकांचा. आणि यांना त्यात बांधलेली बाई दिसली.

कंपनीचं नाव अमेरिकन मल्टिपल इंडस्ट्रीज, मिस्टीक हा त्यांचा ब्रँड. बॉक्सवर स्वीडिश इरॉटिका असंही छापलेलं, ते एका प्रौढ चित्रपटवाल्या कंपनीचं लेबल लायसन्सने घेतलेलं, स्वीडनचा काही संबंध नाही. किंमत ४९.९५ डॉलर, तेव्हा चांगले चांगले गेम याच्यापेक्षा बरेच स्वस्त मिळायचे. बॉक्सवर "अल्पवयीनांना विकू नये" असं छापलं होतं आणि त्या काळात गेमवर असलं काही छापलेलं नसायचंच, त्यामुळे तो इशारा कमी आणि जाहिरात जास्त झाली असं माझं मत. खप साधारण ८०,००० सांगतात.

ऑक्टोबर १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात हा गेम दाखवायचा कार्यक्रम होता तेव्हा बाहेर मोर्चा आला. त्यात विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी होती, नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन होती आणि अमेरिकन इंडियन कम्युनिटी हाऊसचे लोक होते. मला हा शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो, कारण नंतर ही सगळी गोष्ट "नग्न चित्रांमुळे सोवळे लोक चिडले" अशी सांगितली जाते. मूळनिवासी लोक तिथे सोवळेपणासाठी आले नव्हते. ते आपल्या आज्या-पणज्यांसाठी आले होते. कंपनीचं उत्तर काय तर आम्हाला लोकांना हसवायचंय, आणि डिझायनरचं म्हणणं की हा बलात्कार नाहीच, तो तिला पटवतोय. बांधलेल्या बाईला! खांब त्यांनीच काढलाय ना स्क्रीनवर, आठ-आठ ठिपके जपून वापरायचे असताना त्यातले ठिपके त्या खांबावर खर्च केलेत. चुकून नाही झालेलं ते.

खुद्द अटारीलाच लोकांनी शिव्या घातल्या, कारण कार्ट्रिज अटारीच्या मशीनमध्ये चालतं म्हटल्यावर सामान्य माणसाला ते अटारीचंच वाटणार. अटारीने कंपनीवर दावा ठोकला. पण अडवायला मशीनमध्येच काही सोय नव्हती. १९७९ मध्ये अटारीचे चार प्रोग्रॅमर बाहेर पडून ॲक्टिव्हिजन निघाली, अटारीने कोर्टात खेचलं, १९८२ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून कुणीही उठावं आणि अटारीसाठी कार्ट्रिज काढावं अशी परिस्थिती. त्यातूनच पिटफॉल आला आणि त्यातूनच हाही आला. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेतला सगळा धंदाच कोसळला, कचरा गेम्सचा पूर आला होता हे त्याचं एक कारण, आणि निंटेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेत मशीन आणलं तेव्हा आत लॉकची चिपच बसवली, परवानगीशिवायचं कार्ट्रिज चालू नये म्हणून. १९९१ मध्ये पॅनेशियन नावाच्या कंपनीने त्याही चिपला चुकवून तीन प्रौढ गेम काढलेच, तो विषय वेगळा. बॉक्सवर वयाचं अधिकृत रेटिंग यायला १९९४ उजाडलं.

(आपल्याकडे नव्वदच्या दशकात घराघरात जो "टीव्ही गेम" होता, पिवळ्या कार्ट्रिजवाला, "९९९९ इन १", तो त्या निंटेंडोच्या मशीनची नक्कल. आमच्या घरीही होता. कार्ट्रिजमध्ये नक्की काय काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसायचं आणि आई-बाबांना तर नाहीच. आपल्या हातात कॉन्ट्रा आणि मारिओ आले हे आपलं नशीब, दुसरं काय.)

बाकीची दोन कार्ट्रिजं पटकन. बीट एम अँड ईट एम म्हणजे ॲक्टिव्हिजनच्या काबूमची सरळ चोरी, वरून पडतं ते खाली झेलायचं, फक्त काबूममध्ये बॉम्ब आणि पाण्याच्या बादल्या असतात आणि इथे जे आहे ते मी लिहू शकत नाही. पॅडलने, म्हणजे गोल फिरवायच्या कंट्रोलरने खेळायचा, वेग चांगला आहे, कारण काबूमचाच वेग आहे तो. बॅचलर पार्टी म्हणजे ब्रेकआउट, चेंडूने विटा फोडायचा तो गेम, फक्त विटांच्या जागी बायका. यात एक विचित्र अनुभव आला, म्हणजे दहा मिनिटांत मला त्या बायका दिसेनाशाच झाल्या, नुसत्या विटा दिसायला लागल्या, रांग संपवायची, चेंडू सोडायचा नाही. माणूस विटेसारखा वापरला की बघणाऱ्याला तो विटेसारखाच दिसायला लागतो, हे माझ्या स्वतःच्या डोळ्यांना होताना बघून मी पॅडल खाली ठेवलं. हे दोन्ही गेम घाणेरडे आहेत, पण कस्टरच्या पंगतीला मी त्यांना बसवणार नाही. घाणेरडं असणं आणि एखाद्याच्या जखमेवर पाय देऊन पॉइंट मोजणं यात फरक आहे आणि मला वाटतं यादी बनवणाऱ्यांनी तो फरक ठेवला पाहिजे.

प्लेअराउंडने नंतर या गेम्सचे हक्क घेऊन दोन तोंडांची कार्ट्रिजं काढली, एका बाजूने घातलं की एक गेम, उलटं करून घातलं की दुसरा. कल्पना मस्त आहे, कार्ट्रिज हातात घेऊन दोन्हीकडे सोन्याच्या रंगाच्या पट्ट्या बघायला मजा वाटते. त्यात कस्टरचा गेम वेस्टवर्ड हो नावाने परत आला आणि यावेळी बाई हात हलवून त्याला बोलावतेय असं दाखवलं. म्हणजे मोर्च्यातल्या लोकांचं म्हणणं त्यांना पोचलं होतं, समजलं होतं, आणि त्यावर त्यांनी काय केलं तर तिचा एक हात हलता केला. दुसऱ्या बाजूला जनरल रिट्रीट, त्यात भूमिका उलट्या, ती धावत येते आणि कस्टर थांबलेला. बाईला धावायला लावलं म्हणजे बरोबरी झाली असा हिशोब. मला हे मूळ गेमपेक्षा जास्त लबाडीचं वाटलं.

विकत घ्यावा का? संग्रह करणारे म्हणतील दुर्मिळ आहे, इतिहास आहे. इतिहास आहे हे मला मान्य आहे, म्युझियममध्ये असावा, अभ्यास करणाऱ्याला खेळायला मिळावा, नष्ट करू नये. पण जुन्या कार्ट्रिजच्या बाजारात यासाठी लोक जे पैसे मोजतात ते मोजू नका. तेवढ्यात अटारीच्या चांगल्या गेम्सचा अख्खा खोका येईल. आणि घरात ठेवायचाच असेल तर वॉशिटाला काय झालं ते लिहिलेला कागद सोबत ठेवा, नुसता शोभेला नको. मार्क द्यायचे तर बाण चुकवण्याचे दोन देता आले असते दहापैकी, पण ते कशासाठी चुकवायचे ते कळल्यावर ते दोनही मी देऊ शकत नाही. शून्य.

एक राहिलंच. त्याच १९८२ च्या शेवटी, त्याच मशीनवर, तेवढ्याच ४ केबीत रिव्हर रेड आला, नदीवरून विमान न्यायचा गेम, कॅरोल शॉ यांचा. त्या काळी गेम प्रोग्रॅम करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांनी असा गेम लिहिला की नदीचे काठ प्रोग्रॅम स्वतः तयार करत जातो, अरुंद होतात, फाटा फुटतो, बेट येतं, पेट्रोल संपत आलं की आवाज यायला लागतो आणि छातीत धडधडतं. गंमत बघा, पश्चिम जर्मनीत १९८४ मध्ये मुलांना घातक म्हणून सरकारी यादीत जे अगदी पहिले व्हिडिओ गेम गेले त्यातला एक हा, विमानं आणि पूल उडवतो म्हणून. मित्राच्या भिंतीवर तो खालच्या रांगेत कोपऱ्यात होता, लेबल निघालेलं. निघायच्या आदल्या रात्री तोच लावला. वहिनी खाली आल्या, यावेळी टीव्ही बंद झाला नाही, त्यांनी माझ्याकडून जॉयस्टिक घेतली आणि पहिल्याच डावात चौथ्या पुलापर्यंत गेल्या, मी तिसऱ्याला पेट्रोल संपवून बसलो होतो.